अपेक्षा ठेवा, अट घालू नका: वाचकांचे प्रश्न, समुपदेशकांची उत्तरं

‘अपेक्षा आणि ताण’ या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी चालू आहे. क्लासची फी भरली, तिच्या वेळा सांभाळता याव्यात म्हणून मी अर्धवेळ नोकरीही सोडली. निदान ९५ पर्सेंटाईल तरी यायलाच हवेत असं वाटतं. संध्याकाळी ती मोबाईल घेऊन बसली की माझ्या छातीत धडधडतं, डोकं दुखायला लागतं आणि मग मी नको ते बोलून जाते. मिस्टर म्हणतात, अपेक्षाच सोडून दे. आईने अपेक्षा ठेवायची नाही तर कोणी ठेवायची? (गृहिणी, नाशिक)

ताई, अपेक्षा सोडायची काहीच गरज नाही. मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळावा ही इच्छा रास्तच आहे. त्रास होतोय तो या इच्छेला नकळत चिकटलेल्या अटीचा: ‘९५ मिळायलाच हवेत, नाही मिळाले तर सगळं मातीमोल.’ इच्छा पुरी झाली नाही तर माणूस खट्टू होतो आणि चार दिवसांनी दुसरी वाट शोधतो. अट मोडताना दिसली की मनाला तो धोका वाटतो, आणि शरीर त्या धोक्याला उत्तर देऊ लागतं. अ‍ॅड्रेनॅलिन हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) काही सेकंदांत वाढतं, छाती धडधडते, मान-खांदे आखडतात. तुमची डोकेदुखी बहुधा तिथूनच सुरू होते. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र सावकाश चढतं, साधारण २० ते ३० मिनिटांनी ते सर्वांत जास्त असतं. म्हणून मुलीने मोबाईल ठेवून पुस्तक उघडलं तरी तुमची धुसफूस थांबत नाही.

घटना आणि त्रास यांच्या मध्ये मनातलं एक वाक्य असतं आणि ते बदलता येतं, हा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात उपचारपद्धती म्हणून मांडला. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती म्हणून ओळखली जाते. मराठी वाचकांना तिची ओळख प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्यामुळे झाली. ती वहीत कशी वापरायची ते तुमच्याच उदाहरणावरून सांगतो.

साध्या वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा. पहिल्यात घटना. इथे फक्त कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहायचं: ‘मंगळवार, साडेसात ते सव्वाआठ, हॉलमध्ये मोबाईल.’ दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं, गुळगुळीत न करता: ‘हिला काही पडलेलीच नाही. ९५ आले नाहीत तर मी नोकरी सोडली ती फुकट गेली. लोक काय म्हणतील.’ तिसऱ्यात परिणाम, तीन भागांत: भावना (चिंता, ० ते १० पैकी ८), शरीर (धडधड, डोकं जड), वागणं (तिच्यावर ओरडले, जेवताना कोणी बोललं नाही). चौथ्या रकान्यात दुसऱ्या रकान्यातल्या वाक्याची उलटतपासणी. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. हे खरं आहे का, पुरावा काय? असं व्हायलाच हवं हा नियम कुठे लिहिला आहे? आणि असं म्हणत राहिल्याने मला हवं ते मिळतंय का? शेवटी नवं वाक्य. उदाहरणार्थ: ‘तिला ९५ मिळावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. नाही मिळाले तर मला खूप वाईट वाटेल, पर्याय कमी होतील, पण उरतील. पाऊण तास मोबाईल बघितला म्हणजे वर्षभराची मेहनत नाही असं होत नाही.’ हे वाक्य मनाला किती पटतं तेही १० पैकी लिहा आणि चिंतेला पुन्हा गुण द्या. ८ वरून ५ आली तरी काम झालं. शून्याची वाट बघू नका, कारण मुलीची परीक्षा असताना थोडी काळजी वाटणारच, आणि तिचा उपयोगही असतो.

रोज एकच प्रसंग, १० ते १५ मिनिटं, निदान तीन आठवडे. भडका उडालेला असताना लिहायला बसू नका. निदान अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर चौथ्या रकान्यातही रागच उतरतो.

यात लोक कुठे चुकतात? सर्वांत जास्त चूक पहिल्या रकान्यात होते. तिथे ‘मुलीने पुन्हा वेळ वाया घालवला’ असं लिहिलं जातं. ती घटना नाही, तो निकाल झाला, आणि निकाल आधीच लावला की तपासायला काही उरत नाही. दुसरी चूक नव्या वाक्याची. ‘मला काही फरक पडत नाही’ असं लिहून लोक मोकळे होतात. फरक तर पडतोच. मन असलं वाक्य लगेच परत करतं. पटण्याला ५ पेक्षा कमी गुण पडले तर वाक्य सौम्य करून पुन्हा लिहा. तिसरी चूक म्हणजे हे सगळं मनातल्या मनात करणं. मनातल्या मनात केलं की पहिल्याच वाक्याभोवती फेऱ्या सुरू होतात. कागदावर ते वाक्य एका जागी थांबतं.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटते. पर्सेंटाईल म्हणजे आपल्या मुलीचे गुण नव्हेत. किती टक्के परीक्षार्थींना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण मिळाले, ते तो आकडा सांगतो. म्हणजे तुम्ही जी अट घातली आहे ती पाळणं निम्मंच तिच्या हातात आहे. उरलेलं इतर मुलांवर अवलंबून आहे. म्हणून लक्ष्य तिच्या आवाक्यात येईल असं बांधा. सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) पेपरला १८० मिनिटं असतात, एकूण गुण २००, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा ‘आठवड्याला दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून, एकही प्रश्न कोरा न सोडता, आणि दुसऱ्या दिवशी चुकलेल्या प्रश्नांची वेगळी यादी’ हे लक्ष्य तिच्या हातातलं आहे. ते पाळलं की नाही हे दोघींनाही दिसतं. त्यावर बोलायला रविवारी २० मिनिटं ठरवा. इतर दिवशी अभ्यासाबद्दल चौकशी नको. पहिले दोन आठवडे तुम्हालाच हे जड जाईल, तिला नाही.

नोकरी सोडल्याची सल मात्र मुलीच्या निकालातून भरून निघणार नाही. ती वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा आणि मिस्टरांशी बोला.

प्रश्न: रोज सकाळी आरशासमोर ‘मी आनंदी आहे, माझं सगळं छान होणार’ असं दहादा म्हणते. वर्ष झालं. ताण आहे तसाच आहे, वर आता वाटतं की मलाच नीट सकारात्मक होता येत नाही. (खासगी कंपनीत लेखापाल, कोल्हापूर)

म्हणणं बंद करा. तुमच्यात काही कमी नाही. पद्धतच अपुरी आहे. सगळं छान होणार याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे तुमच्या मनाला ठाऊक आहे. शिवाय आता ‘मी सकारात्मक असायलाच हवं’ ही आणखी एक अट तुम्ही डोक्यावर घेतली आहे.

मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या अभ्यासातून असं दिसलं की यशाचं नुसतं गोड चित्र रंगवत राहणाऱ्यांचा प्रयत्नांचा जोर उलट कमी होतो. चित्रासोबत वाटेतला अडथळा समोर ठेवला तर मात्र ते उपयोगी पडतं. पाच मिनिटांत करता येईल असं: एक इच्छा लिहा, ती पुरी झाली तर काय बरं होईल ते लिहा, मग स्वतःच्या आत असलेला एक अडथळा लिहा, आणि शेवटी ‘जर-तर’चं एक वाक्य. ‘जर महिनाअखेरीला साहेबांनी सहानंतर फाईल दिली, तर मी तिथल्या तिथे विचारेन की ही आज हवी की उद्या अकरापर्यंत चालेल.’ वाक्यात वेळ आणि कृती दोन्ही हवीत. ‘जर ताण आला तर मी शांत राहीन’ असं लिहून काही होत नाही, कारण शांत राहणं ही कृती नव्हे.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेची लेखी पास झालो, आता मुलाखत आहे. मॉक इंटरव्ह्यूला बसलो की हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, उत्तर येत असून अडखळतो. शांत राहायचा जितका प्रयत्न करतो तितकं वाढतं. (उमेदवार, पुणे)

‘शांत राहायचा प्रयत्न करतो’ हीच तर मेख आहे. धडधड म्हणजे काहीतरी बिघडलं असा अर्थ तुम्ही लावता, म्हणून ती दाबू बघता. ती दाबली जात नाही, आणि मग तीच नवी धास्ती बनते. खरं तर मेंदूला आणि स्नायूंना जास्त रक्त मिळावं म्हणून हृदय जोरात चालतं. परीक्षेच्या वेळी शरीर कामाला लागलंय, एवढाच त्याचा अर्थ.

हा अर्थ बदलल्याने खरंच फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सराव परीक्षेआधी एवढंच सांगितलं होतं की, अस्वस्थ वाटलं तर त्याने कामगिरी बिघडते असं नाही, उलट मदत होऊ शकते. त्यांना गणितात इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले, पुढे प्रत्यक्ष परीक्षेतही. २०१४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी दाखवलं की भाषण किंवा गाणं म्हणण्याआधी ‘मी शांत आहे’ असं म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण सरळ आहे. धडधड दोन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे घाबरण्यातून उत्साहात जाणं जवळ पडतं. तिथून एकदम शांततेत जाणं फार लांबचं.

आता सराव. मॉकच्या आधी दोन मजले जिने झपाझप चढा आणि धाप लागलेली असतानाच पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या: नाव, गाव, शिक्षण, या सेवेत का यायचंय, दीड मिनिटात. (हृदयविकार किंवा दमा असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.) आठवड्यातून तीनदा करा. धडधड चालू असतानाही बोलता येतं हे शरीराला कळू द्यायचं आहे, आणि ते सांगून कळत नाही, करूनच कळतं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर बसल्यावर चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. दोन मिनिटं पुरे. धडधड गेली का हे तपासत बसू नका. श्वास बाहेर सावकाश सोडणं महत्त्वाचं. घाईघाईने खोल श्वास घेत राहिलात तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरायला नवं कारण मिळतं. चहा-कॉफी नेहमीइतकीच घ्या. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा त्या दिवशी तिसरा कप नको. कोरड पडते त्यासाठी आत जाण्याआधी दोन घोट पाणी. प्रश्न ऐकल्यावर दोन सेकंद थांबून उत्तर सुरू केलं तर कोणाला वावगं वाटत नाही. उलट विचार करून बोलतो असं दिसतं.

आणि ‘एकही उत्तर चुकता कामा नये’ ही अट असेल तर तीही वहीत उतरवा. ‘सर, याबद्दल मला माहिती नाही’ हे वाक्य आधी आरशासमोर नाही, माणसांसमोर म्हणून बघा.

प्रश्न: ताणाने माणूस लवकर मरतो असं सारखं वाचनात येतं. आता ताण आला की त्याचीच भीती वाटते. (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

सर, तुम्ही जे वाचलं ते अर्धंच असावं. अमेरिकेत २०१२ साली सुमारे २९,००० प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खूप ताण आहे आणि तो आपल्या प्रकृतीला फार बाधतोय असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. नुसता ताण जास्त असलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. पण यावरून ‘भीतीने माणसं मेली’ असं म्हणता येत नाही. ज्यांची प्रकृती आधीच ढासळलेली होती, त्यांनाच ताण बाधतोय असं जाणवलं असेल, हेही शक्य आहे. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही.

तुमच्यापुरतं एवढं करा: रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्या, रोज अर्धा तास चाला. तासाभराचा ताण शरीर पेलतं. शरीर झिजतं ते महिनोन्‌महिने न ओसरणाऱ्या ताणाने, ज्यात झोप बिघडते, व्यायाम सुटतो आणि तंबाखू वाढते. या तिन्हींवर लक्ष ठेवलंत की लेख वाचणं कमी केलं तरी चालेल.

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे. वॉर्डात ४० पेशंट, आम्ही दोघी. नाइटनंतर कधी कधी लगेच दुपारची ड्यूटी लागते. तक्रार केली की ऐकायला मिळतं, ‘सिस्टर, अ‍ॅटिट्यूड बदला, ताण सगळ्यांनाच असतो.’ खरंच माझाच दृष्टिकोन चुकतोय का? (मुंबई)

नाही. तुमच्या बाबतीत आधी रोस्टर बदलायला हवं.

दृष्टिकोनाबद्दल वर एवढं लिहिल्यावर हे ठासून सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार सर्वांत घातक ताण तिथे असतो, जिथे कामाची मागणी भरपूर आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा नाममात्र. वॉर्ड हे त्याचं चपखल उदाहरण. तिथे परिचारिकेला ‘सकारात्मक व्हा’ म्हणणं म्हणजे व्यवस्थेचा दोष तिच्या माथी मारणं.

तक्रार करताना ‘फार ताण होतो’ एवढंच सांगितलं तर ते झटकून टाकता येतं. दोन आठवडे एका छोट्या डायरीत रोज चार आकडे टिपा: पेशंट किती, सिस्टर किती, दोन ड्यूट्यांमध्ये तास किती मिळाले, हँडओव्हर संपवून निघायला किती मिनिटं उशीर झाला. औषध द्यायला उशीर झाला, चार्टिंग राहिलं, असं काही घडलं तर तेही, पेशंटचं नाव न लिहिता. मग दोघी-तिघींनी मिळून इन्चार्ज सिस्टरांकडे आणि तिथे भागलं नाही तर मेट्रनकडे लेखी द्या. मागणी एका वेळी एकच, आणि पैसे न लागणारी आधी: ‘नाइट संपल्यावर २४ तासांच्या आत दुसरी ड्यूटी नको’ किंवा ‘रोस्टर १५ दिवस आधी लागावं’. पाच मागण्या एकदम ठेवल्या की त्यातली सोपीही अडकते.

तुमच्या मनातलं वाक्य तपासायचं असेल तर एकच तपासा: ‘मी कोणाही पेशंटला थांबवता कामा नये.’ दोघींनी चाळीस जण बघायचे तर कोणीतरी थांबणारच. कोणाला आधी बघायचं ते तुम्ही प्रकृती बघून ठरवता, आणि तेच योग्य आहे. घरी जाताना त्याची टोचणी सोबत नेऊ नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. हे सर्वच वाचकांसाठी.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने रोज फोन करावा अशी माझी साधी अपेक्षा. आठ-आठ दिवस फोन येत नाही. रात्री झोप लागत नाही. मी स्वतःहून कधी करत नाही, त्याला कळायला नको? (वय ७१, डोंबिवली)

काका, आधी हे सांगा: ही अपेक्षा त्याला कधी शब्दांत सांगितली आहे का? पत्रावरून तसं दिसत नाही. न सांगितलेली अपेक्षा समोरचा मोडतो तेव्हा त्याला आपण काही मोडलं याचा पत्ताही नसतो, आणि इकडे तुमच्या मनात खटला चालू असतो: ‘त्याला माझी किंमत नाही.’ फोन आला नाही, ही घटना. किंमत नाही, हा तुम्ही काढलेला अर्थ. आठ दिवस झोप उडते ती या दुसऱ्यामुळे.

त्याला कळायला हवं, ही तुमची भावना समजते. पण त्याच्या बाजूने बघा. तुमची रात्रीची जेवणं आटोपतात तेव्हा त्याची सकाळची धांदल असते. तो ऑफिसातून सुटतो तेव्हा तुमची पहाट असते. ‘रोज’ जमणं दोघांनाही कठीण आहे. तेव्हा अपेक्षेची विनंती करा, आणि ती नेमकी करा: ‘रविवारी रात्री साडेआठला अर्धा तास व्हिडिओ कॉल करू या. मधल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाक, बाकी काही नको.’ गंभीरपणे पण रुसवा न दाखवता. ‘आम्ही काय, आज आहोत उद्या नाही’ असं सुरुवातीलाच म्हणालात तर पुढचा फोन तो धास्तावून करील, म्हणजेच टाळेल.

पहिले चार रविवार फोन तुम्हीच लावा. त्यात कमीपणा नाही. वेळ ठरून गेलेली असते, सवय लागेपर्यंत कोणीतरी पुढाकार घ्यायचा असतो. फोनवर आठवडाभराच्या फोन न करण्याचा हिशेब मागू नका. एखादा रविवार हुकला तर दुसऱ्या दिवशी एक ओळ पाठवा, ‘काल राहिलं, बुधवारी जमेल का?’ दोन महिन्यांनीही काहीच बदल झाला नाही, तर मग त्याच्याशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. तोवर आडाखे नकोत.

वेळेचा एक घोळ मात्र दरवर्षी होतो आणि त्यावरून घराघरांत रुसवे-फुगवे होतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. ठरवताना विचारून घ्या की वेळ भारताच्या घड्याळाने पक्की धरायची की त्याच्या. त्याच्या घड्याळाने धरली, तर नोव्हेंबरपासून फोन साडेनऊला येईल.